इर्जिकीचं जेवण

तिफणीचं चाडं मांडीवर घेऊन धुरपदाबाई ते तेलाच्या बोळ्यानं पुसत बसली होती. एवढ्या मायेनं तिनं पोटच्या पोरांची तोंडंही कधी पुसली नव्हती. पण चाड्यावर तिचा जीव. पेरणीला तिफणीमागं चालताना त्या लाकडी वाटीत मुठीनं बी सोडावं तर हिंगणवाडीत धुरपदाबाईनंच. तिन्ही नळ्यांत दाणा सारखा उतरायचा, आणि उगवून आल्यावर रान बघणारा विचारायचा, मूठ कुणाची होती?

एवढ्यात काट्याच्या फाटकावर सायकल आदळली आणि तिचा नवरा वैजीनाथ आत घुसला. धोतराचा सोगा चेनमध्ये अडकून काळा झालेला, तोंड मात्र दसऱ्याच्या झेंडूसारखं फुललेलं.

"मिळाले! तीन ट्रक मिळाले! आपले बैल जायलेत तळणवाडीला!"

"आवो, आदी पाणी तर प्या."

"पानी कशाचं पितीस? तहसीलचा साहेब सोता म्हनला, जा मून. सरकारचं डिझेल, सरकारचा डायव्हर. बैलाला कडबा पन सरकार देनार हाय!"

धुरपदाबाई चाडं खाली ठेवून उभी राहिली. गेले पंधरा-वीस दिवस ती ज्या गोष्टीसाठी देवाला साकडं घालत होती, ती अशी चेनमध्ये अडकलेल्या धोतरानिशी घरात येईल असं तिला वाटलं नव्हतं.

तळणवाडीला तिची धाकटी बहीण पंचफुला दिली होती. गणपती बुडवून लोक निजले आणि पहाटे भुई हलली. हिंगणवाडीत नुसती उतरंड वाजली. धुरपदाबाईला वाटलं, मांजर शिरलं. तिकडं तळणवाडी बसली. वैजीनाथ मिळेल त्या पहिल्या गाडीनं गेला. पंचफुला आणि तिचा सासरा सिताराम जिवंत हाती लागले. तिच्या नवऱ्याचा, बन्सीधरचा पाय तुळईखाली चेंगरून तो सोलापूरच्या दवाखान्यात पडला होता. सासू चतुराबाई गेली. दावणीचे दोन्ही बैल भिंतीखाली गेले. परत आल्यावर वैजीनाथ दोन दिवस कुणाशी बोलला नाही, आणि वैजीनाथ गप्प बसला यावरूनच गावाला तिकडचं समजलं.

पुढं पंचफुलाचा निरोप आला. सरकारनं पत्र्याचं शेड दिलं, भांडी दिली, गहू-तांदूळ दिले. ज्वारीच्या बियाण्याच्या पिशव्या दिल्या, खत दिलं. पाऊस पण मायंदाळ झाला. वाफसा येईल दोन-चार दिवसांत. पण पेरायला गावात बैल राहिलेत कुठं? ओल उडाली की वर्ष गेलं.

तेव्हापासून वैजीनाथच्या डोक्यात इर्जिक शिरली. एखाद्याचं काम अडलं की साऱ्या गावानं आपापले बैल घेऊन त्याच्या रानात उतरायचं, दिवसात काम उरकायचं, आणि त्यानं सगळ्यांना पोटभर जेवू घालायचं, ही रीत काही नवी नव्हती. पण इर्जिक शेजारच्या रानात घालतात. जिल्हा ओलांडून कुणी घातली होती? पारावरची माणसं पोट धरून हसली. वैजीनाथ मात्र रोज सेलूला जायचा, विद्यापीठाच्या नामांतराच्या घोषणांनी रंगलेल्या स्टँडच्या भिंतीला सायकल लावायचा आणि तहसीलच्या साहेबाच्या दारात बसायचा. शेवटी साहेबच कंटाळला की त्याला पटलं, ते त्याचं त्याला माहीत.

संध्याकाळी पारावर सात तिफणी ठरल्या. कालपर्यंत हसणारेच आता आपला बैल कसा मागं राहील म्हणून भांडायला लागले. गावातल्या वयस्क माणिकरावांनी मात्र एक बजावून सांगितलं.

"हे बगा, ती मानसं उघड्यावर पडलीत. तितं कुनी त्यांच्या हातचं पानीसुदिक मागायचं न्हाई. आपलं आपून बांधून न्यायचं. त्यांच्यावर आपला भार नको."

सगळ्यांनी माना डोलावल्या. बायकांनी घरोघर तवे टाकले. कडक भाकरी, धपाटे, ठेचा, जवसाची चटणी. धुरपदाबाईनं तर फडक्यात मावेनात इतक्या भाकरी थापल्या. यात काही चुकतंय असं एकालाही वाटलं नाही, आणि वाटावं तरी का?

ट्रक देवगाव फाट्यावर उभे राहिले, तेव्हा तांबडं फुटत होतं. बैल चढवायला रस्त्याकडेच्या उंच बांधाला ट्रकची पाठ लावली. सगळे बैल चढले, फक्त वैजीनाथचा तांब्या चढेना. लाल कंधारी रंगाचा, गावात नावाजलेला बैल, पण त्यानं चारी पाय रोवले आणि वैजीनाथच्या सगळ्या बढाईवर पाणी फिरवलं.

"काय वो वैजीनाथराव, तुमचा बैल तर म्हने इमानातबी बसंल!" कुणीतरी टोमणा मारला.

वैजीनाथ शेपूट पिळून थकला. मग धुरपदाबाई पुढं झाली, तिनं शिदोरीतली एक भाकरी काढली आणि ट्रकमध्ये उभी राहून नुसती दाखवली. तांब्या दोन ढांगांत वर. त्याचा जोडीदार शेल्या आधीच वर रवंथ करत उभा होता. त्यानं मानही वळवली नाही. माणसं खदाखदा हसली, आणि त्या हसण्यातच ट्रक सुरू झाले.

धुरपदाबाईनं आयुष्यात परभणीच्या पुढं पाऊल टाकलं नव्हतं. गंगाखेड मागं पडलं, घाट लागला, बैल एकमेकांवर रेलले, तिफणीची दांडी तिच्या बरगडीत रुतली, आणि तरी तिला आतून उकळ्या फुटत होत्या. आपण बहिणीकडं चाललो, तेही रिकाम्या हातांनी रडायला नाही, बैलतिफण घेऊन चाललो! तिला लाज पण वाटली. मेलेल्यांच्या गावाला जाताना एवढा आनंद व्हावा का? पण होत होता, त्याला ती काय करणार? वाटेतल्या गावांतली माणसं विचारायची, बैल कुठल्या बाजारला? आणि वैजीनाथ टपावरून ओरडायचा, "बाजारला न्हाई, इर्जिकीला!"

दिवस कलायच्या वेळेला ते तळणवाडीला पोचले. गाव नव्हतंच. दगडमातीचा एक लांबलचक ढीग, आणि त्याच्या अलीकडं उघड्या रानात पत्र्याच्या शेडांच्या रांगा. उन्हाच्या तिरपीनं पत्रे चमकत होते. शेडांपुढं सरकारी स्वयंपाक शिजत होता आणि माणसं ताटल्या घेऊन रांगेत उभी होती.

पंचफुला धावत आली ती आक्काच्या गळ्यात पडली. हाडं लागत होती तिची. रडणं झालं, मग तिनं बैल बघितले, आणि पुन्हा रडली, पण ते रडणं वेगळं होतं.

"मामा कुटं हायेत?" धुरपदाबाईनं विचारलं.

पंचफुलानं रांगेकडं बघितलं. रांगेच्या मध्यावर सिताराम उभे होते. धुरपदाबाईला हा माणूस आठवत होता तो पंचफुलाच्या लग्नातला. पंगतीत फिरून एकेकाच्या पानात दोन-दोन लाडू दाबून टाकणारा, नाही म्हणणाऱ्याचा हात धरून वाढणारा. आता त्यांचा सदरा सरकारी वाटपातला, दोन बोटं मोठा. पाहुणे बघताच त्यांनी हातातली ताटली पाठीमागं नेली. रांग पुढं सरकली तरी ते सरकले नाहीत. मागचा माणूस त्यांना ओलांडून पुढं गेला.

धुरपदाबाईनं पटकन तोंड फिरवलं आणि बैलांना पाणी दाखवायचं निमित्त केलं. तिला वाटलं, आपण दिसायलाच नको होतो.

सकाळी सिताराम यांच्या रानात सात तिफणी ओळीनं उभ्या राहिल्या. काळं, भुसभुशीत रान, मुठीत माती धरली की लाडू वळावा आणि टाकला की फुटावा, असा वाफसा. हे बघून हिंगणवाडीच्या माणसांच्या हाताला खाज सुटली. शेती खात्याचे साहेब बियाण्याच्या पिशव्या घेऊन आले होते. तरुण होते. झोप न झाल्यानं डोळे तांबारलेले, पण तेही हरखून गेले होते. शेजारच्या रानांचे मालकही बांधावर येऊन बसले. आज सिताराम यांचं, उद्या त्यांचं. वैजीनाथ तांब्याच्या पाठीवर थाप मारून सगळ्यांना ऐकवत होता की दुपारच्या आत हे रान संपलं नाही तर मिशी उतरवीन. धुरपदाबाईनं पदर खोचला, चाड्याचा दोर ओढून बघितला, आणि सगळ्यांच्या शिदोऱ्या लिंबाच्या फांदीला टांगल्या.

सिताराम आले. त्यांनी बैल बघितले. तांब्याच्या मानेवरून हात फिरवला. मग त्यांची नजर लिंबाकडं गेली.

"हे काय?"

"शिदोऱ्या हायेत, मामा," वैजीनाथ फुशारकीनं म्हणाला. "आमी आमचं बांधून आनलंय. तुमाला कायबी तरास न्हाई."

सिताराम लिंबाखाली गेले आणि त्यांनी एका शिदोरीला हात लावून बघितला.

"बांधून आनलंय," ते म्हणाले. "सुतकातल्या घरी मानसं आपली भाकरी बांधून येत्यात. मयताला. मातीला."

"तसं न्हाई, मामा..."

"मंग कसं? इर्जिक हाय न्हवं ही? ज्येच्या रानात इर्जिक, त्येच्या घरचं जेवन. मी चतुराच्या हातची पुरनाची पोळी घालून इर्जिकी केल्यात ह्या रानात. भुई हालली तवापासून रोज ताटली घिऊन हुबा ऱ्हातो. सरकारनं दिलं, लोकांनी दिलं, समद्यांचं भलं हो. पन आज माज्याच बांदावर बसून तुमी तुमची भाकरी खानार, आन मी बगत बसनार?" त्यांनी पुढं होऊन तांब्याच्या जुवाला हात घातला. "सोडा बैल. न्हाई पेरायचं."

वैजीनाथची मिशी लोंबकळली. साहेब मधे पडले, "बाबा, जेवणाचं काय घेऊन बसलात, ओल उडून जाईल." कुणी म्हणालं म्हाताऱ्याचं डोकं फिरलं. पण बांधावर बसलेले बाकीचे मालक गुमान उठून उभे राहिले. त्यांतला एकजण हलक्या आवाजात म्हणाला, "सितारामकाका म्हनत्यात ते खोटं न्हाई." हे एक रान राहिलं, तर कोणतंच पेरलं जाणार नव्हतं. सात तिफणी जशा आल्या तशा ट्रकमध्ये चढणार, आणि पंचफुला आणखी एक वर्ष त्या रांगेत उभी राहणार.

ऊन वर चढत होतं. वरच्या मातीचा रंग फिकट व्हायला लागला होता.

धुरपदाबाई बहिणीला बाजूला घेऊन गेली. "तुमच्या घरात ज्वारीचा दाना तरी हाय का गं?"

"कुटला, आक्का? गहू हाय सरकारचा. तो मामाला आपला वाटत न्हाई. चूल पन न्हाई पेटली आमची अजून. समदं तितंच," पंचफुलानं ढिगाऱ्याकडं बोट केलं, "पेवात."

धुरपदाबाईनं तिचा दंड असा धरला की ती कळवळली. "पेव! आगं, आंगनातलं दान्याचं पेव? ते तर भुईच्या पोटात हाय. ते कशाला पडंल?"

ती तशीच वळली आणि सरळ सिताराम यांच्यापुढं जाऊन उभी राहिली. एवढ्या पुरुषांत व्याह्याशी तोंड वर करून बोलायची ही तिची पहिली वेळ. "मामा, पेवात किती हाय?"

सिताराम यांनी जू सोडलं नाही. "आखाडात उगडलं हुतं. तळाला मानूसभर ज्वारी ऱ्हायली आसंल." मग मान हलवली. "त्येच्यावर भित पडलीय, बाई. आन वरून हा पाऊस. कुजली आसंल."

"कुजली का न्हाई ते बगून तर घ्या. कुजली आसंल तर आमी बैल सोडतो. चांगली निगाली तर तुमच्या घरची भाकरी खाऊ. आन पोटभर खाऊ, सांगून ठिवते. हे आमचे मालक एकटे सात खातेत."

साहेबांनी हरकत घेतली. ढिगाऱ्यात कुणालाही जायला बंदी होती. अजून मधूनच भुई हादरायची आणि अर्धवट उभ्या भिंती कोसळायच्या. "त्या घराची भिंत उभी आहे का कुठली?" त्यांनी विचारलं.

"एकबी न्हाई," सिताराम म्हणाले.

साहेब स्वतः जाऊन बघून आले. "उभंच काही नाही, तर पडणार काय?" ते म्हणाले, आणि सरकारी जीपमधून पहारी आणायला त्यांनी शिपायाला पिटाळला.

मग जे सुरू झालं ते पेरणीपेक्षा भारी होतं. दोन हात रुंद भिंतीचे दगड माणसांनी हातोहात बाजूला केले. मातीत बोटं सोलली. एक फुटकी परात निघाली, एक रॉकेलची चिमणी निघाली, चतुराबाईचं पायातलं एक जोडवं निघालं. ते पंचफुलानं कुणी बघायच्या आत कनवटीला लावलं. माळवदाची एक तुळई मात्र आडवी पडलेली, चौघांना हलेना. तेव्हा वैजीनाथ पुढं सरसावला. हाच तर त्याचा मोका!

तांब्या-शेल्याला आणून जुवाला जाड नाडा बांधला, दुसरं टोक तुळईला. "हाण तांब्या!" बैलांनी मान खाली घातली, खूर मातीत रुतले, नाडा ताणून कुरकुरला. तुळई वीतभर सरकली आणि अडली. वैजीनाथनं नाड्याला स्वतः हात लावून जोर केला, आणि नेमकी तेव्हाच गाठ सुटली. तो असा काही बुडावर आपटला की ढिगाऱ्यातून धूळ उडाली. तळणवाडीची माणसं भूकंपानंतर पहिल्यांदाच हसली असतील. धुरपदाबाईनं पदर तोंडाला लावला, पण तिचेही खांदे हलत होते.

दुसऱ्यांदा गाठ सिताराम यांनी बांधली. न बोलता, गुडघे टेकून, ओढली की अजून आवळेल अशी. बैल निघाले, आणि तुळई कण्हत कण्हत बाहेर आली.

खाली पेवाच्या तोंडावरचा चपटा दगड दिसला. अख्खा होता. पहार घालून तिघांनी तो उचलला, तसा आतून आंबूस, उबट वास भपकन वर आला. ज्वारीचा वास! वैजीनाथला धीर कसला निघतो? त्यानं "आलो, आलो," म्हणत एक पाय पेवात सोडलासुद्धा.

"थांब रं!"

सिताराम यांनी त्याला सदऱ्याच्या गळपट्टीला धरून असा मागं ओढला, की दोघंही मातीत लोळले. म्हाताऱ्याच्या अंगात एवढा जोर असेल असं कुणाच्या स्वप्नात नव्हतं.

"मरायचं हाय का? बंद पेवातली हवा मानसाला जागी ठिवत न्हाई. तुमच्याकडं पेवं न्हाईत का?"

"हायेत की," वैजीनाथ ओशाळून म्हणाला. "इसरलो."

"इसरलो! माज्या दारात येऊन मेले मून तुमच्या गावाला काय सांगू मी? कंदील आना कुनीतरी. दोरी आना. आन हे समदे मागं सरा!"

सगळे मागं सरले, साहेबसुद्धा. धुरपदाबाई सिताराम यांच्याकडं बघत राहिली. हा कालचा ताटली लपवणारा माणूस नव्हता. हा लग्नातला होता.

पेटता कंदील दोरीनं आत सोडला. हातभर खाली गेला आणि फक्कन विझला. मग वाट बघणं आलं. सिताराम घोंगडीनं तोंडावरची हवा हलवत बसले. ऊन टाळूवर आलं, आणि धुरपदाबाईच्या डोळ्यांपुढं रानातली ओल एकेक दाण्यानं उडताना दिसत होती. पुन्हा कंदील सोडला. ज्योत थरथरली, लहान झाली, पुन्हा विझली. पुन्हा घोंगडी. वैजीनाथ जागच्या जागी पाय हलवत होता. तिसऱ्यांदा कंदील तळाला टेकला आणि जळत राहिला.

"आता जा," सिताराम म्हणाले, आणि दोर वैजीनाथच्या कमरेला स्वतः बांधला.

पहिली पाटी वर आली. काळी, बुरशी धरलेली, कोंब फुटून गोळा झालेली ज्वारी. सिताराम यांनी मूठ भरली, दाबली. बोटांतून चिकट पाणी निघालं. त्यांनी हात धोतराला पुसला आणि ते दुसरीकडं बघायला लागले. पंचफुलानं डोळे मिटले. धुरपदाबाईला मात्र वैजीनाथचा राग आला. आत गेलाय तर बोलत का नाही हा? सगळी जिंदगी बोलतोय!

पेवातून आवाज आला, घुमत, जणू भुईच बोलतेय. "मामा! ही एकाच आंगाला भिजलीय! हिकडची कोरडी हाय! टनटनीत हाय, मामा! दुसरी पाटी घ्या!"

दुसरी पाटी वर आली. पिवळसर झालेली, पेवाच्या उबेची, पण एकेक दाणा सुटा. सिताराम यांनी चार दाणे तोंडात टाकले. सगळे त्यांच्या जबड्याकडं बघत होते. कट्कन आवाज आला.

"पंचफुला," ते म्हणाले. "चूल मांड."

पुढं काय झालं ते सांगताना हिंगणवाडीची माणसं अजूनही एकमेकांचं बोलणं तोडतात. पंचफुलानं पडलेल्या भिंतीचेच तीन दगड शेडापुढं मांडले. गिरणी तर जमीनदोस्त. पण दळायची दगडी जाती फुटत नाहीत. शेजारणींनी आपापल्या ढिगातून काढून ठेवलेली जाती पुढं ओढली, आणि पत्र्याच्या शेडांतून घरघर सुरू झाली. एक थांबली की दुसरी बसायची. डाळ सरकारची होती, तेल सरकारचं होतं, भलं मोठं पातेलंही सरकारी स्वयंपाकाचं. त्याला सिताराम यांची ना नव्हती. "कालवन कुनाचंबी चालतंय," ते म्हणाले. "भाकर घरची पायजे."

आणि मग ते रानाकडं वळले. "आता का हुबं ऱ्हायलात? लावा की तिफनी! ओल काय तुमच्यासाठी थांबती?"

सात तिफणी एका दमात सुटल्या. सरकारी बियाण्याच्या पिशव्या फुटल्या. औषध लावलेला गुलाबी दाणा धुरपदाबाईच्या मुठीत आला. तिनं चाड्याला आणि मग कपाळाला हात लावला आणि ती चालायला लागली. पायाखाली थंडगार ओल होती. मधल्या दुपारीही खाली ओल होती! ती घामानं निथळली, पिंढऱ्या भरून आल्या, गुलाबी बोटं आखडली, पण मूठ हलली नाही. बाजूच्या तिफणीवाल्यांनी वैजीनाथच्या मिशीची आठवण काढली, तसा तो बैलांना असा काही धरून निघाला की तिला पळावं लागलं. "आवो, सावकास! बी पडायलंय का वाऱ्यावर उडायलंय!" ती ओरडत होती आणि हसत होती. तिफणीचं शेवटचं तास संपलं तेव्हा दिवस मावळतीला टेकला होता, आणि दुपारची पैज हरलेला वैजीनाथ मिशीवर हात ठेवून साऱ्यांची नजर चुकवत होता.

पेरलेल्या रानाच्या कडेला पंगत बसली. बसायला पोती, वाढायला पळसाची पानं. सिताराम टोपी नीट करून भाकरीची टोपली कडेवर घेऊन उभे राहिले. साहेब एका बाजूला उभे होते, त्यांना त्यांनी हाताला धरून आणलं.

"बसा, साहेब. आजवर तुमी वाडलं. आता खाली बसायची पाळी तुमची."

साहेब बसले. पेवातल्या ज्वारीच्या भाकरीला उबट वास मारत होता, पीठ जाडंभरडं होतं, खडाही लागत होता. पण कुणी तोंड वाकडं केलं नाही. सिताराम वाकून वाकून वाढत होते. नाही म्हणणाऱ्याचा हात धरून वाढत होते. वैजीनाथनं सात नाही, आठ खाल्ल्या, आणि नववीला हात जोडले तरी पानात भाकर पडलीच. बांधावरचे मालक उद्याच्या इर्जिकीचं बोलत होते. कुणाचं पेव कुठं आहे, त्यावर काय पडलंय.

सगळे उठले. टोपली रिकामी झाली. धुरपदाबाई पाणी प्यायला लिंबाखाली आली, तर मागून सिताराम आले आणि हात धुऊन पोत्यावर बसले. दिवसभर त्यांच्या पोटात काही नव्हतं, हे तिच्या आत्ता ध्यानात आलं.

"मामा, तुमाला भाकरच ऱ्हायली न्हाई की! थांबा, पंचफुलाला सांगते, टाकंल दोन."

"नको." त्यांनी वर लिंबाच्या फांदीकडं बघितलं. सकाळपासून टांगलेल्या शिदोऱ्या तशाच लोंबत होत्या. "त्येच्यात काय हाय?"

धुरपदाबाईनं आपलं फडकं सोडलं, हिंगणवाडीची कडक भाकर त्यांच्या हातावर ठेवली, वर ठेचा ठेवला. सिताराम यांनी तुकडा मोडला, चावला, बराच वेळ चावला. पंचफुला जवळ येऊन उभी राहिली होती.

"ठेचा बरा हाय," ते म्हणाले. मग भाकर उलटीपालटी करून बघत, व्याह्यानं जशी खोड काढावी तशी काढली. "पन तुमच्याकडं भाकरी लय जाड थापतेत का वो?"

पंचफुला फिस्सकन हसली. तोंडावर पदर घ्यायचंही तिला सुचलं नाही.

"जाड कुटं, मामा?" धुरपदाबाई डोळे पुसत म्हणाली. "तुमचे दात गेलेत." आणि तिनं त्यांच्या हातावर आणखी एक भाकर ठेवली.